दाराने बाहेर पडायची सवय

माझी पुतणी भिंतींना धडका देऊन पोट भरते. कुणी विचारलं तर मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत आलो, पण त्यातून काही कळत नाही. कॉम्प्युटरमध्ये हल्ली सगळेच असतात. ती गेम तपासते. मारामारीचा एक गेम आहे. खांद्यावर साखळी आणि साखळीच्या टोकाला कुऱ्हाड घेतलेली एक बाई त्यात एका पडक्या शहरातून लढत लढत पुढे जाते. हा गेम कधी संपत नाही. दर थोड्या महिन्यांनी कंपनी त्यात नवा भाग घालते, म्हणजे नवे शत्रू, नवं हत्यार, शहराचा आजवर न दिसलेला एखादा कोपरा. तो लोकांच्या हाती पडण्याआधी कुणीतरी त्यातल्या प्रत्येक भिंतीला खांदा लावून चालायचं असतं. पडद्यावर भिंत दिसते म्हणून ती तिथे असतेच असं नाही. कुठेतरी फट राहून गेलेली असते आणि त्या फटीतून कुऱ्हाडवाली बाई खाली पडते. तिथे जमीन नाही, आभाळ नाही, नुसता करडा रंग, आणि ती पडतच राहते. ती फट माझी पुतणी शोधते.

घरात तिला घुशी म्हणतात. हे नाव माझ्या धाकट्या भावाने ठेवलं. लहानपणी ती कुठेही शिरायची, पलंगाखाली, कपाटात, गाद्यांच्या ढिगामागे, आणि सगळं घर पालथं घातलं तरी सापडायची नाही. "पोर नाही ही, घूस आहे नुसती," असं तो म्हणायचा. ती कॉलेजात असताना तो गेला. वहिनी त्याच्याही आधी गेली होती. घुशी एक बॅग आणि बापाचा टेबलावरचा दिवा घेऊन आमच्याकडे राहायला आली, ती आजतागायत आमच्या मागच्या खोलीत आहे. आम्हाला मूलबाळ नाही. माझी बायको आणि ती मैत्रिणींसारख्या भांडतात.

नोकरी तिने सध्यापुरती धरली होती. तिला गेम तपासायचे नव्हते, करायचे होते. वह्यांच्या मागच्या पानांवर ती घरं काढायची. जिने, माड्या, एका खोलीतून दुसरीत उघडणाऱ्या खिडक्या. कंपनीत डिझाइनच्या जागा भरलेल्या होत्या. "आधी टेस्टिंगला या, मग बघू," असं सांगण्यात आलं. ते 'मग बघू' तिच्या नोकरीइतकंच जुनं आहे. एक भाग जवळ आला की तो बाहेर पडू दे, मग बघू. तो बाहेर पडला की पुढचा डोक्यावर असायचा. तिच्यामागून टेस्टिंगला लागलेली मुलं डिझाइनला गेली, कारण त्यांच्या जाण्याने कुणाचं काही अडत नव्हतं. घुशीच्या जाण्याने अडलं असतं. इतरांची नजर जिथून सरकून जाते तिथेच तिला फट सापडते.

मध्यंतरी आम्ही तिच्या लग्नाचं बघत होतो. एका मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी नेमकं करते काय?" मी घसा खाकरेपर्यंत बायको बोलून मोकळी झाली, "भिंतींना धडका देते. डोकं शाबूत आहे अजून." ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. घुशी हसून हसून लोळली, आणि नंतर बराच वेळ मागच्या खोलीत दार लावून बसली.

तिचं ऑफिस मी एकदाच पाहिलं. घराची किल्ली विसरली होती ती द्यायला गेलो. आत जाताना मोबाइल एका छोट्या लॉकरमध्ये ठेवावा लागला, कारण नवा भाग बाहेर येईपर्यंत गुपित असतो. पुढे एक लांबट हॉल होता. पडद्यांच्या काचेवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. मला वाटलं होतं की युद्धाचा गदारोळ ऐकू येईल. पण सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते, आणि हॉलभर कळा दाबल्याची टकटक तेवढी, पत्र्यावर कुणी धान्य सांडत असावं तशी. बाहेर दिवस आहे की संध्याकाळ, हे आत कळायला मार्ग नव्हता. घुशीच्या खुर्चीचं रेक्झिन कोपर टेकून टेकून फाटलं होतं, तिथे तिने चिकटपट्टी लावली होती. तिच्या कीबोर्डवरच्या एका कळेवरचं अक्षर पार पुसून गेलं होतं.

"ही कसली गं?" मी विचारलं.

"भूत," ती म्हणाली.

तपासणाऱ्यांना कंपनी ही एक जादा कळ देते. ती दाबली की कुऱ्हाडवाली बाई भूत होते, भिंतींतून आरपार जाते, उडते, हव्या त्या जागी उतरते. फटीत पडलं, कोपऱ्यात अडकलं, की भूत व्हायचं आणि पुढच्या भिंतीपाशी जायचं. नाहीतर दिवसभरात एक गल्लीसुद्धा तपासून व्हायची नाही. खेळणाऱ्या लोकांकडे ही कळ नसते.

"त्यांनाही द्यायची की," मी म्हटलं.

"मग ते खेळतील कशाला, काका?"

गेल्या वर्षी तिच्या पायाचं झालं. दिवसभर त्या बाईला मनोऱ्यांवरून खाली टाकणारी आमची घुशी ऑफिसच्या चार पायऱ्यांवरून घसरली आणि घोटा मोडून बसली. प्लास्टर पडलं. नवा भाग तोंडावर आला होता, त्यामुळे कंपनीने दोन माणसांबरोबर तिचं मशीन घरी पाठवून दिलं. मागच्या खोलीत टेबलावर दोन पडदे उभे राहिले. खिडकीला काळा कागद नव्हता म्हणून तिने माझ्याकडून जुनी चादर ठोकून घेतली. काम चालू असताना घरच्या कुणी खोलीत यायचं नाही, अशी अट होती. साहेब हे फोनवर सांगत असताना बायको मागून म्हणाली, "मग हिला बाथरूमला कोण नेणार, तो?" साहेबाने ते ऐकलं असावं. त्या अटीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि मी खोलीतल्या पलंगाच्या कडेवर बसू लागलो.

साहेब म्हणजे डिझाइनचा प्रमुख. पडद्यावर तो बोलायला यायचा तेव्हा त्याचा कॅमेरा खालून लावलेला असायचा, त्यामुळे आम्हाला त्याची फक्त दाढी दिसायची. घरात त्याला दाढीवालाच म्हणायचे. एक दिवस ती दाढी म्हणाली, "हे बघ, नव्या भागात गल्ली संपते तिथे एक तुकडा रिकामा राहिलाय. माझी सगळी माणसं नव्या राक्षसात अडकलीत. तू करतेस? छोटंसं काहीतरी. लोकांना आवडलं तर तुझं डिझाइनचं बघूनच टाकू."

"हो सर," घुशी म्हणाली. आवाज शांत होता, पण प्लास्टरमधला पाय टेबलाखाली हलत होता.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. खोली तीच होती, चादर तीच, ती खुर्चीतून उठायचीही नाही, पण घरात काहीतरी उघडल्यासारखं झालं होतं.

"काय करतेयस?" मी विचारलं.

"खोली."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. जिथे कुणी मारायला येत नाही अशी. काका, या गेममध्ये तिला बसताच येत नाही, माहितीये? पळता येतं, लोळता येतं, लटकता येतं, दहा तऱ्हांनी मरता येतं. बसता येत नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही ते."

तिने दाढीवाल्याच्या मागे लागून बसणं करवून घेतलं. खोलीत एक लाकडी बाक ठेवला, चुलीवर एक किटली, आणि भिंतीवर पाणी झिरपल्याचा ओघळ. खिडकीतून शहराची छपरं दिसायची. बाई बाकावर बसली की कुऱ्हाड पायाशी ठेवायची, आणि गेमभर धापा टाकणारा तिचा श्वास हळूहळू संथ व्हायचा. बायको चहा द्यायला आली ती पडद्याकडे बघतच राहिली. "अगं, हा आपला दिवा!" बापाचा दिवा घुशीने कोपऱ्यात पेटवून ठेवला होता. बुडाजवळचा पोचासुद्धा होता.

बाई आत आली की दार मागून आपोआप लागायचं, म्हणजे गल्लीतले शत्रू मागोमाग शिरणार नाहीत. त्याच क्षणी गेम तिची जागा पक्की करून ठेवायचा. मशीन बंद केलं तरी पुन्हा लावल्यावर ती याच खोलीत, सगळ्या कमाईसकट, सुखरूप. दाराला आतून कडी होती. निघायचं तेव्हा कडी काढायची की आलीच गल्ली.

"तपासणार कोण?" मी विचारलं. माझं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. ज्याचं लिखाण त्यालाच आम्ही शेवटचं मुद्रित देत नसू. त्याच्या मनात जे असतं ते त्याला कागदावरही दिसतं.

"मीच. दुसरं आहे कोण? ऑफिसातल्या माझ्या पलीकडच्या खुर्चीवरचीला सांगितलंय एक चक्कर मारायला."

शेवटच्या आठवड्यात दाढीवाल्याने दार बदललं. लाकडी दार त्या गल्लीत शोभत नाही, लोखंडी हवं, असं त्याचं म्हणणं. "बाकी सगळं तेच आहे," तो म्हणाला. घुशीने पुन्हा सगळं तपासलं. मी पलंगावर बसून बघत होतो. बाई गल्लीतून आत आली, मागे दार धाडकन लागलं, ती बाकावर बसली, उठली. मग घुशीने तिला चारी भिंतींना घासत नेलं. कोपऱ्यांत उड्या मारायला लावल्या, बाकाखाली लोळवलं, खिडकीवर कुऱ्हाड हाणली. कुठे केसाएवढी फट नव्हती.

"पक्की आहे माझी खोली," ती म्हणाली, तिने भूत दाबलं आणि बाई छपरातून वर निघून पुढच्या कामाला गेली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

नवा भाग दुपारी बाहेर पडला. बायकोने केक आणला होता. पहिला तास-दीड तास लोकांचं लिहिणं यायला लागलं तसं घुशी मोठ्याने वाचून दाखवत होती. "ऐका हं, 'इतकी वर्षं खेळतोय, आज पहिल्यांदा ही बया बसली.' आणि हे, 'किटलीतून वाफ येते, वेड्यांनो, वाफ येते!'" बायकोने तिच्या तोंडात केक कोंबला. तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसात तिच्या पलीकडच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण होती. घुशीचे हात माखलेले, म्हणून मी फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावून दिला.

"अगं, तुझ्या खोलीचं दार आतून उघडत नाही म्हणतायत."

"उघडतं की. तपासलंय मी."

"उघडून बघितलंस?"

घुशीने हातातला केकचा तुकडा खाली ठेवला. मग तिने विचारलं, "तू?"

"मी कशाला दार उघडत बसू? मी भूत होऊन गेले ना पुढे. आपण काय दाराने जातो का कधी?"

फोन ठेवून घुशीने हात ड्रेसलाच पुसले आणि बाईला त्या खोलीत नेलं. दार लागलं. तिने बाईला दारासमोर उभं केलं, आणि काही कळायच्या आत बाई छपराबाहेर होती. बोट आपणहून भुताच्या कळेवर गेलं होतं. "थांब ना," ती स्वतःवरच ओरडली. दुसऱ्यांदा आत आली तेव्हा तिने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्या हाताने एकेक कळ दाबू लागली. कडी दिसत होती. पण ती लोखंडी दारावर रंगवल्यासारखी नुसती दिसतच होती, हलत नव्हती. दार बदललं तेव्हा खरी कडी जुन्या दाराबरोबर गेली होती. कुऱ्हाड मारली तर ठिणग्या उडाल्या. एवढंच.

ती खुर्चीत मागे टेकली.

"काका," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी या शहरात फिरतेय. एकाही खोलीतून मी दाराने बाहेर पडलेली नाहीये."

मशीन बंद करून उपयोग नव्हता. ज्याची त्याची जागा त्या खोलीतच पक्की झालेली होती. पुन्हा गेम लावला की बाकासमोर, दिव्याच्या उजेडात. संध्याकाळपर्यंत खोलीत किती माणसं कोंडली गेली असतील, देव जाणे. आता घुशी मोठ्याने वाचत नव्हती, पण पडदा मला दिसत होता. 'माझी दोन वर्षांची मेहनत एका किटलीशेजारी बंद आहे.' 'तिसरा कप चहा झाला, दार उघडा.' एकाने लिहिलं होतं, 'ज्याने ही खोली केली त्यालाच तिच्यात कोंडा.' बायकोने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि चादर ठोकलेल्या खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "कोंडलेलीच आहे की." घुशी एकाच मजकुरावर बराच वेळ थांबली होती. 'खोली फार छान आहे हो. पण आता घरी जाऊ द्या.'

सकाळी दाढीवाला पडद्यावर आला.

"चूक कुणाची ते आपण नंतर बघू," तो म्हणाला. "दार मी बदललं, मान्य. पण तपासणीला तू होतीस."

"हो सर."

"वरून सांगितलंय, आज संध्याकाळपर्यंत विषय बंद. आतल्या लोकांना आम्ही उचलून गल्लीत ठेवतो. आणि दाराच्या जागी भिंत घालतो."

"सर, कडी बसवा फक्त. एवढंच राहिलंय."

"कडी बसवली की ती तपासा, दार तपासा, त्याचा आवाज तपासा, परत काहीतरी निघेल. भिंत म्हणजे भिंत. तिच्यात काय बिघडणार?"

"आणि खोली?"

"असू दे मागे. काढायला जावं तर शेजारचं काही मोडेल. दिसत नाही म्हणजे नाहीच. तू फक्त भिंत पक्की आहे का ते बघ. तुझ्याइतकं बारीक कोण बघणार?"

"आणि माझं... ते डिझाइनचं, सर?"

दाढी थोडी वर झाली. बहुधा तो घड्याळाकडे बघत होता. "हे निस्तरू दे आधी. मग बघू."

दुपारी भिंत आली. दार होतं तिथे आता विटा होत्या, बाजूच्या विटांसारख्याच, काळपट, शेवाळलेल्या. तिथे कधी दार होतं असं कुणी म्हटलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. घुशीने कामाला लागण्याआधी नेलकटरच्या टोकाने भुताची कळ उचकटून काढली आणि पेल्यात टाकली. कीबोर्डवर तिच्या जागी रबराचा पांढरा ठिपका राहिला.

मग तिने आपल्याच दाराला धडका द्यायला सुरुवात केली. खांदा लावून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. वाकून, उडी मारून, लोळून, पाठ लावून. मी आत-बाहेर करत होतो. चहा दिला, तो तसाच निवला. जेवायची हाक आली, तिला ऐकू गेली नाही. तिचा चेहरा नेहमी काम करताना असतो तसाच होता, आणि ते मला बघवत नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं.

उन्हं उतरताना ती नव्या राक्षसाला गल्लीत घेऊन आली. त्याच्या हातात हातोडा होता. भिंत जिथे एका जुन्या खांबाला टेकते त्या कोपऱ्यात तिने बाईला उभं केलं, आणि राक्षस हातोडा मारत असतानाच बाईला भिंतीच्या बाजूला लोळवलं. पहिल्यांदा काही झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा केलं. मग एकदा घाव बसला, बाई विटांमध्ये बुडाल्यासारखी झाली आणि पलीकडे जाऊन पडली.

दिवा पेटलेला होता. किटलीतून वाफ येत होती. बाकावर कुणी नव्हतं.

"सापडली," घुशी म्हणाली. एरवी हा शब्द ती असा म्हणते की स्वयंपाकघरात बायको दचकते. आज तो मलाच जेमतेम ऐकू आला.

"म्हणजे जाता येतं अजून आत," मी म्हटलं.

"येतं."

"आता?"

"आता कळवायचं. कळवलं की ते मागे दगड भरतील. खोली भरून टाकतील सगळी."

मी म्हटलं, "आणि नाही कळवलं तर? इतकं आडवळणाने कोण जाणार आहे तिथे?"

"मी गेले ना."

"तू शोधत होतीस म्हणून."

"कुणीतरी न शोधता जाईल, काका. मार खाताना जाईल. आणि आत पडलं की मग दार नाही, कडी नाही. बसायचं तिथेच."

बायको दारात येऊन उभी होती. तिला सगळं कळलं असेल असं नाही, पण तिने घुशीचं तोंड बघितलं. "नको सांगूस," ती म्हणाली. "त्या दाढीचं काय जातंय? तू केलीस ती. तुझा बाप आहे त्यात. राहू दे एक."

"काकू, आत माणूस अडकतं गं."

"माणूस कसलं, गेम आहे तो."

"खेळणारं माणूसच असतं ना."

बायको आत गेली. घुशीने हात पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. पडद्यावर बाई बाकासमोर उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं म्हणून ती धापा टाकत होती. घुशीने एक कळ दाबून तिला बसवलं. श्वास संथ होईपर्यंत थांबली. मग दुसऱ्या पडद्यावर वळून लिहायला लागली. कुठला कोपरा, कुठला घाव, कुठल्या बाजूला लोळायचं. मी आजवर वाचलेल्या कित्येक लेखकांना इतकं स्वच्छ लिहिता आलेलं नाही.

थोड्याच वेळात दाढी आली. या वेळी जरा खाली वाकल्यामुळे तोंडही दिसलं. चांगला हसरा माणूस निघाला.

"कमाल आहेस! हे कुणाच्या बापाला सापडलं नसतं. आत्ता भरून टाकतो. बघ, आता तूच सांग, तुला मी टेस्टिंगमधून हलवू तरी कसा? तू गेलीस तर इथे कोण आहे?"

"हो सर," घुशी म्हणाली.

तो गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे बघत होती. मी चादरीचं एक टोक खिळ्यातून सोडवलं. बाहेर अजून उजेड होता. तिने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "राहू दे काका, काच चमकते."

संध्याकाळी दगड भरले गेले. नवी प्रत तपासायला आली, घुशीने भिंतीला पुन्हा खांदा लावला, खांबाच्या कोपऱ्यात मार खाल्ला. बाई विटांना आपटून परत गल्लीत पडली. पक्की होती.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघायचं होतं. त्याआधी कंपनीची ती दोन माणसं मशीन न्यायला येणार होती. आदल्या दिवशी दुपारी घुशीने मला खुर्चीत बसवलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. त्या मशीनवर गेमची एक जुनी प्रत अजून पडून होती, ते लोखंडी दार असलेली.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं.

"जमेल. समोर चालायचं फक्त. आणि कुणी आलं की ही कळ."

कुणी आलं की मी भलतीच कळ दाबत होतो. गल्लीत मी इतक्यांदा मेलो की घुशी हसून हसून कुबडीवर रेलली. "अहो, भिंतीला काय मारताय, राक्षस मागे आहे!" "त्याला म्हणावं जरा थांब." कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवून दोन घाव घातले आणि मी धडपडत दारातून आत शिरलो. मागे दार धाडकन लागलं.

मी बाईला बाकावर बसवलं. तिने कुऱ्हाड पायाशी ठेवली. खिडकीबाहेर छपरं होती, त्यांवर कसलासा मळकट उजेड. भावाचा दिवा कोपऱ्यात जळत होता. तो आमच्या घरातही जळत होता, टेबलाच्या कडेला, कारण खिडकीला अजून चादर होती.

"पुढचा भाग कधी?" मी विचारलं.

"सोमवारी येतोय तपासायला. किल्ला आहे." ती कुबडी भिंतीला टेकवून माझ्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसली. "नुसत्या भिंती."

बाईचा श्वास आता जवळजवळ ऐकू येत नव्हता.

"आता बाहेर कसं पडायचं?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

घुशीचं बोट सवयीने पुढे आलं. तिथे कळ नव्हती, रबराचा पांढरा ठिपका होता. तिने बोट त्याच्यावर टेकवलं, दाबलं नाही, आणि हात मागे घेतला.

"नाही पडायचं," ती म्हणाली. "बसा जरा."

तेवढ्यात बाहेरून बायकोचा आवाज आला, "दार उघडा रे कुणीतरी, माझ्या दोन्ही हातांत चहा आहे!"

घुशीची कुबडी भिंतीला टेकवलेली होती आणि माझे हात कीबोर्डवर होते. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.